मधल्या नावाची जागा

१ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलाचं नाव सरकारी कागदांवर चार पदांत लिहायचं ठरलं आहे: आधी त्याचं स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने हा निर्णय घेतला, तेव्हा आमच्या नाशिकच्या नातेवाइकांतली सगळी चर्चा ‘नाव केवढं लांबणार’ याच्यापुढे गेली नाही. पण त्या मधल्या जागेवर आजवर कोण बसत आलं, हे पाहिल्याशिवाय निर्णयाचं मोल कळत नाही, आणि त्यात काय राहून गेलं तेही कळत नाही.

‘मधलं नाव’ हा आपल्याकडचा सगळ्यात गुंत्याचा शब्द आहे. ते पाळण्यात ठेवलेलं नाव नसतं. ‘तू कोणाचा’ किंवा ‘तू कोणाची’ याचं ते उत्तर असतं. मुलाच्या बाबतीत हे उत्तर जन्मभर एकच, वडिलांचं. मुलीच्या बाबतीत लग्नापर्यंत वडिलांचं आणि पुढे नवऱ्याचं. स्त्रीने लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही, तरी रीत इतकी मुरलेली की कारकून विचारतही नाहीत. आमच्या आईचं तर पाळण्यातलं नावही गेलं. लग्नात वडिलांनी तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि माहेरची सुमन त्या दिवशी वैजयंती झाली. शाळा सोडल्याचा दाखला सुमनच्या नावाचा, रेशनकार्ड आणि बँकेचं पासबुक वैजयंतीच्या नावाचं. उतारवयात एका कार्यालयात तिला ‘या दोघी एकच आहेत’ असं प्रतिज्ञापत्र मागितलं. ते करून दिलं, तर वडिलांच्या नावातल्या एका वेलांटीसाठी परत पाठवलं. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला ती बाकावर बसून मला म्हणाली, “मी मीच आहे, हे आता कोण सांगणार?”

आईच्या नावाने माणूस ओळखायची पद्धत आमच्या नाशिकला नवी नाही. पांडवलेण्यांतल्या तीन क्रमांकाच्या लेण्यात सातवाहनांचा प्रसिद्ध शिलालेख आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात त्याच्या आजीने, गौतमी बलश्रीने, तो कोरवून घेतला. त्यात ती आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, पराक्रम सांगते. मुलगा आणि नातू दोघेही आईवरून ओळखले जातात. हा दाखला हल्ली भाषणांत वारंवार दिला जातो आणि तिथेच गल्लत होते. गौतमी आणि वासिष्ठी ही गोत्रावरून आलेली नावं आहेत. राणीचं स्वतःचं नाव बलश्री, आणि मुलाच्या नावात ते कुठेच नाही. मुलाबरोबर चाललं ते तिच्या माहेरचं गोत्र. २०२४ चा नियम याच्या नेमका उलट आहे: आईचं स्वतःचं नाव येतं, माहेर येत नाही.

मधल्या शतकांत नावं फिरली ती मुख्यतः आडनावाच्या अंगाने. गाव, वतन, हुद्दा, किताब, ज्याची सत्ता चालली ते नाव चिकटलं. पेशवाईतले विंचूरकर आणि राजेबहादूर हे दोन्ही सरदार मूळचे दाणी. एकाला जहागिरीच्या गावाने नवं नाव दिलं, दुसऱ्याला किताबाने. खुद्द शहर मोगलाईत गुलशनाबाद होतं. दत्तक गेलेल्या मुलाचं तर नाव आणि मधलं नाव दोन्ही पालटायचं. गजानन रंगनाथ शिरवाडकर दत्तक गेले आणि विष्णु वामन झाले. पुढे कवितेसाठी त्यांनी कुसुम या धाकट्या बहिणीचा थोरला भाऊ एवढीच ओळख घेतली, कुसुमाग्रज. बहिणीच्या नावाने स्वतःला ओळखवणारा माणूस आपल्याच गावातला, याचा मला फार अभिमान आहे.

नाव बदलण्याचं सगळ्यात जड कारण मात्र जात. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याच्या परिषदेत धर्मांतराची घोषणा झाली आणि १९५६ मध्ये नागपूरला ती प्रत्यक्षात आली. त्यानंतर कित्येक घरांनी जात सांगणारी किंवा हिणवणारी आडनावं टाकली, मुलांची नावं सिद्धार्थ, राहुल, सुजाता ठेवली. राजपत्रात छापून येणारी ‘नावात बदल’ची ओळ आपल्याला रटाळ वाटते. त्या घरांसाठी ती ओळ म्हणजे सुटका होती. साताऱ्यात २०११ मध्ये ‘नकोशी’ नावाच्या २८५ मुलींना नवी नावं दिली गेली, तीही अशीच सुटका.

मग कागदांचं वजन वाढत गेलं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकल आईच्या अपत्याला वडिलांचं नाव न सांगताही जन्मदाखला मिळेल असा निवाडा दिला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्यांना शाळाप्रवेशापासून अनेक कामांसाठी जन्मदाखला हाच एकटा पुरावा चालू लागला. पहिल्याच कागदावर जे लिहिलं जाईल ते जन्मभर पुरणार, अशी स्थिती आल्यावर आईचा प्रश्न टाळता येण्याजोगा राहिला नव्हता.

निर्णयाच्या विरोधातल्या तक्रारी मी ऐकल्या आहेत: रकाने पुरत नाहीत, जुन्या आणि नव्या कागदांत मेळ बसणार नाही. त्या खऱ्या आहेत आणि सुटण्यासारख्या आहेत. मला खुपतं ते त्याच शासन निर्णयातलं दुसरं वाक्य. विवाहित स्त्रीसाठी जुनीच पद्धत ठेवली आहे: तिचं नाव, पतीचं नाव, आडनाव. मालमत्तेच्या कागदावर लग्नाआधीचं नाव लावायची मुभा आहे, एवढंच. म्हणजे मुलाच्या नावातली आई कायम राहणार आणि मुलीच्या नावातली आई लग्नाच्या दिवशी गळणार. शिवाय आईचं म्हणून जे नाव लिहायचं, ते सुमन की वैजयंती?

१ मे २०२४ ला जन्मलेली मुलगी १ मे २०४२ ला अठरा वर्षांची होईल. ते दुसरं वाक्य बदलायला तेवढा अवधी आहे.