पांढऱ्या-हिरव्या वेलांना खत : किती, केव्हा आणि कधी मुळीच नाही

मार्बल क्वीन, एन-जॉय, रंगीत सिंगोनियम, मॉन्स्टेरा आल्बो अशा चढत्या वेलाच्या प्रत्येक कुंडीसोबत आम्ही हे पत्रक देतो. उजेड आणि पाण्याचं कुंडीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं आहे, म्हणून इथे फक्त खताचं बोलू. नागपुरात हे वेल खत कमी पडून मरताना क्वचितच दिसतात. बहुतेकांचा जीव मातीत साचलेल्या क्षारांनी जातो, आणि त्या क्षारांतला मोठा वाटा आपणच प्रेमाने घातलेला असतो.

कारण साधं आहे. पानातला पांढरा भाग बसून खातो. त्यात हरितद्रव्य नाही, तेव्हा अन्न तयार करायचं सगळं काम उरलेल्या हिरव्या भागावर पडतं. त्यामुळे अर्धं पांढरं पान असलेला वेल साध्या हिरव्या मनीप्लांटपेक्षा हळू वाढतो आणि त्याला खतही कमी लागतं. जास्त दिलेलं खत मुळं उचलत नाहीत, ते मातीतच राहतं. पाण्याबरोबर जे थोडे क्षार वर जातात ते पानाच्या टोकाला आणि कडेला साठतात, कारण पाणी तिथून उडून जातं आणि क्षार मागे उरतात. पांढरा भाग नाजूक, म्हणून तपकिरी डाग आधी तिथेच दिसतो.

मात्रा

कृषी सेवा केंद्रात मिळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे पाण्यात विरघळणारं खत पुरेसं आहे. पाकिटावरची मात्रा शेतातल्या पिकासाठी असते, ती वाचून विसरून जा. आपल्याला लिटरला अर्धा ग्रॅम हवा. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम, म्हणजे १० लिटरच्या बादलीला एक चमचा. चमचा सपाटच हवा, शिगोशीग भरलात तर मात्रा दीडपट होते.

दोन-तीनच कुंड्या असतील तर बादलीभर पाणी करू नका. १०० मिली पाण्यात एक सपाट चमचा खत विरघळवून बाटलीत ठेवा आणि खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने त्यातलं १० मिली मोजून १ लिटर पाण्यात घाला. हिशेब तोच येतो. बाटलीवर ठळक अक्षरात ‘खत’ लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा आणि पंधरा दिवसांत संपवा.

४ इंची कुंडीला साधारण १५० मिली, ६ इंचीला ४०० मिली, ८ इंचीला ८०० मिली. खालच्या भोकातून थोडं पाणी गळलं की थांबायचं आणि बशीत साचलेलं फेकून द्यायचं. ते पुन्हा मातीत मुरू देऊ नका.

खत नेहमी ओल्या मातीत द्या. बोट दोन पेरं आत घाला. माती सुकी लागली तर आज साधं पाणी आणि खत उद्या. सुक्या मातीत खताचं पाणी थेट मुळांच्या बारीक टोकांवर बसतं आणि ती करपतात. वरून मात्र आठवडाभर काहीच कळत नाही.

कोकोपीट किंवा मॉस भरलेल्या काठीवर खताचं पाणी फवारू नका. काठी चारही बाजूंनी सुकते, म्हणून क्षार तिच्यावर लवकर जमतात आणि हवेतल्या मुळांची टोकं काळी पडतात. काठीला साधं पाणी पुरे.

नागपूरचं वेळापत्रक

मृगाच्या दोन-तीन चांगल्या सरी झाल्या, हवेत ओल आली की सुरू करा. तिथपासून कोजागिरीपर्यंत दर तीन आठवड्यांनी पूर्ण मात्रा. वेलाची खरी वाढ याच चार महिन्यांत होते. कोजागिरीनंतर नोव्हेंबर संपेपर्यंत महिन्यातून एकदा. डिसेंबर-जानेवारीत बंद. रात्रीचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की हे वेल जवळजवळ थांबतात, आणि आपल्याकडे पारा त्याच्याही बराच खाली जातो. फेब्रुवारीत नवं पान उलगडताना दिसलं की अर्ध्या मात्रेने पुन्हा सुरुवात करा, मार्चअखेरपर्यंत महिन्यातून एकदा.

एप्रिल-मेमध्ये, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, तर अजिबातच, खत देऊ नका. पारा चाळिशीपार गेला की कुंडीतलं पाणी भराभर उडतं आणि लिटरला अर्धा ग्रॅम असलेलं पाणी मातीत दुप्पट-तिप्पट तीव्र होतं. वेल कूलरच्या खोलीत असेल, नवी पानं येत असतील, तर महिन्यातून एकदा पाव मात्रा चालेल. कूलरचा झोत मात्र थेट पानांवर नको.

कूलरचं पाणी, बोअरचं पाणी

टाकीत उरलेलं कूलरचं पाणी झाडांना घालायची आपल्याकडे सवय आहे. कडुनिंबाला, जास्वंदाला घाला, या वेलाला नको. टाकीतलं पाणी दिवसभर उडत असतं, त्यातले क्षार खालीच राहतात आणि आपण वरून पुन्हा पाणी भरतो. जाळीवर आणि वाळ्यावर जमणारा पांढरा थर नेमका त्याचाच. आरओ यंत्रातून बाहेर टाकलेल्या पाण्याचंही तसंच.

सोसायटी बोअरवर असेल तर पाणी जड धरूनच चाला. कुंडीच्या काठावर पांढरी पूड दिसली तर शंका उरतच नाही. अशा घरी १९:१९:१९ अर्ध्या मात्रेने द्या आणि शक्य तेव्हा बोअरच्या जागी नळाचं, म्हणजे कन्हान-पेंचचं, पाणी वापरा. गच्चीवरचं पावसाचं पाणी सगळ्यांत चांगलं, पहिल्या सरीचं सोडून. मात्र कायम पावसाचं किंवा आरओचं शुद्ध पाणी घालणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम नसतं, आणि १९:१९:१९ मध्येही नसतं. त्यांनी महिन्यातून एकदा कॅल्शियम नायट्रेट लिटरला अर्धा ग्रॅम द्यावं आणि पंधरा दिवसांनी मॅग्नेशियम सल्फेट तितकंच. ही दोन्ही एकाच बाटलीत दाट कालवलीत तर तळाशी पांढरा गाळ बसतो आणि झाडाला काही मिळत नाही.

धुणं

खतापेक्षा हे काम मोलाचं आहे. दर दोन महिन्यांनी, आणि उन्हाळा लागण्याआधी मार्चअखेर एकदा नक्की, कुंडी मोरीत ठेवा आणि साधं पाणी हळूहळू ओता. ८ इंची कुंडीला किमान ८ लिटर, ६ इंचीला ४ लिटर. पहिल्या लिटरला येणारं पाणी चहासारखं असतं, शेवटी जवळजवळ स्वच्छ येतं. पूर्ण निथळू द्या. कुंडीच्या तळाला भोक नसेल तर धुता येणार नाही, म्हणून बिनभोकाच्या सिरॅमिक कुंडीत हा वेल थेट लावू नका. आमची प्लास्टिकची कुंडी तशीच आत ठेवा.

घरात टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) असेल तर घातलेल्या पाण्याचं आणि खालून आलेल्या पाण्याचं मोजमाप घ्या. खालचा आकडा दुपटीच्या वर गेला की धुवायची वेळ झाली. मात्र १९:१९:१९ मधला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो आणि युरिया या मीटरला दिसत नाही. म्हणून खताच्या बाटलीत मीटर बुडवून मात्रा ठरवायच्या भानगडीत पडू नका.

काय घालू नये

युरिया आणि डीएपीचे दाणे नकोत. एक दाणा जिथे पडतो तिथलं मूळ जळतं. चहाचा चोथा, संत्र्याची-केळीची सालं, ताक : यांनी कुंडीत चिलटं आणि बुरशी होते, आणि चोथ्यात साखर-दूध असेल तर मुंग्याही. सालं कंपोस्टच्या डब्यात टाका, सहा महिन्यांनी मग कुंडीत येऊ द्या. गांडूळखत चालतं, ८ इंची कुंडीला वर्षातून दोनदा एक मूठ, पृष्ठभागावर पसरून. शेणखत घरात नकोच. काळी मातीही मिसळू नका. ओली असताना ती चिकट होऊन हवा कोंडते, सुकली की भेगाळते, आणि या वेलांची मुळं मोकळी हवा मागतात.

हळूहळू सुटणाऱ्या गोळ्यांच्या खताबद्दल बरेच जण विचारतात. चांगलं असतं, पण डब्यावर लिहिलेले महिने साधारण २१ अंश तापमान धरून दिलेले असतात. उष्णता वाढली की गोळीचं कवच खत भराभर सोडतं. इथल्या मे महिन्यात ‘सहा महिन्यांची’ गोळी त्याच्या बऱ्याच आधी रिकामी होते. वापरायचंच असेल तर जूनमध्ये, डब्यावरच्या मात्रेच्या एक तृतीयांश, आणि मग १९:१९:१९ देऊ नका.

पान काय सांगतं

खालची जुनी पानं एकेक करून पूर्ण पिवळी होत असतील आणि माती ओलीचिंब नसेल, तर नत्र कमी आहे. जुन्याच पानात शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर मॅग्नेशियम. तेच नव्या पानात दिसलं तर लोह, आणि ते बोअरच्या पाण्याने माती अल्कधर्मी झाल्यामुळे. तिथे खत वाढवून उपयोग नाही, आधी पाणी बदला. टोकं आणि पांढऱ्या कडा कुरकुरीत तपकिरी होणं म्हणजे क्षार किंवा कोरडी हवा. धुऊन बघा. नवी पानं पांढरी यायचं थांबून नुसती हिरवी येऊ लागली तर खताला दोष देऊ नका. मार्बल क्वीनला उजेड कमी पडला की असं होतं. मॉन्स्टेरा आल्बोत पांढऱ्या-हिरव्या पेशींची वाटणी वाढत्या कोंबातच ठरलेली असते. खत ती बदलत नाही, फक्त जास्त नत्राने हिरवा फुटवा जोरात पळतो. ज्या पेरावरच्या खोडाला पांढरी पट्टी दिसते त्याच्या वरून कापा. चीक खाजरा असतो, हातमोजे घाला.

आमच्या मिश्रणात गांडूळखत आधीच आहे, म्हणून घरी नेल्यावर पहिले सहा आठवडे काहीही देऊ नका. काही बिघडलं तर एक जुनं पान, एक नवं पान आणि बाटलीत थोडं कुंडीतून निथळलेलं पाणी घेऊन या. फोटोवरून पिवळ्याच्या छटा कळत नाहीत.