स्मार्टवॉच घ्यायचं का? आधी मागचा हिरवा दिवा बघा

सोलापुरात नवी पेठेतल्या मोबाईलच्या दुकानांत आता घड्याळंच घड्याळं मांडलेली असतात, हजार-दीड हजारापासून पुढं कितीही, आणि डब्याच्या मागं बघितलं तर जवळपास सगळ्यांवर तीच यादी: हार्ट रेट, ऑक्सिजन, बीपी, झोप, स्ट्रेस, कॅलरी, एखाद्यावर तर शुगरसुद्धा. दीड हजारात हे सगळं खरंच होत असतं तर लॅबवाल्यांनी केव्हाच दुकानं बंद केली असती. पण म्हणून सगळंच बोगस आहे असंही नाही हां. यातलं काही घड्याळ खरंच मोजतं, काही अंदाजानं सांगतं आणि काही सरळ ठोकून देतं, फक्त स्क्रीनवर तिन्ही आकडे सारख्याच झोकात दिसतात, हीच खरी गोची आहे.

स्वस्त घड्याळात शरीराकडून माहिती घेणाऱ्या गोष्टी साधारण दोनच असतात, एक प्रकाश आणि दुसरी हालचाल. बास. यादीतलं बाकी सगळं या दोनांतून गणित करून काढलेलं असतं. त्यामुळं घेताना मी एकच बघतो, हा आकडा मोजमापाच्या किती जवळचा आहे आणि किती लांबून ओढून आणलाय.

घड्याळ उलटं करा. मागं हिरवा दिवा लुकलुकतो ना, तो कातडीतून थोडा आत जातो, रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश चांगला शोषून घेतं, आणि हृदयाचा ठोका पडला की मनगटात क्षणभर रक्त वाढतं म्हणून परत येणारा प्रकाश तेवढा कमी होतो. दिव्याशेजारचा सेन्सर हा कमी-जास्त मोजत बसतो, मिनिटाला किती वेळा कमी-जास्त झालं तो तुमचा हार्ट रेट. आयडिया जुनीच आहे, अमेरिकेत अल्रिक हर्ट्झमन नावाच्या शास्त्रज्ञानं १९३०च्या दशकातच हे करून दाखवलं होतं. नाव मोठं आहे, फोटोप्लेथिस्मोग्राफी, म्हणून सगळे पीपीजी म्हणतात.

हा आकडा मोजमापाच्या अगदी जवळचा. निवांत बसलेलं असताना बऱ्यापैकी घड्याळ हार्ट रेट नीट सांगतं. पळायला लागलं की मात्र गंमत होते, हात हलतो, पट्टा सैल असेल तर घड्याळ उडतं, बाहेरचा प्रकाश आत शिरतो, आणि कधी कधी घड्याळ ठोक्यांऐवजी तुमच्या पावलांचाच ताल पकडतं. कंबर तलावाला सकाळी पळणारा एखादा म्हणतो ना, माझा हार्ट रेट एकदम १६०-१७० वर जाऊन चिकटतो बे, त्यानं आधी आपली मिनिटाची पावलं मोजावीत, बऱ्याचदा तोच आकडा निघतो. पट्टा घट्ट करा, मनगटाच्या हाडापासून बोटभर वर बांधा, पुष्कळ फरक पडतो.

अजून एक, जे डब्यावर कधीच लिहिलेलं नसतं. आपल्याकडं आज्यांच्या, मावश्यांच्या हातावर गोंदण असतं. गोंदणाची शाई कातडीच्या आतच असते आणि ती प्रकाश अडवते, त्यामुळं बरोबर गोंदणावर घड्याळ बांधलं तर आकडा चुकतो नाहीतर येतच नाही. आजीसाठी घेणार असाल तर आधी तिचे दोन्ही हात बघा.

आता पावलं. घड्याळात सिलिकॉनचा एक बारीकसा तुकडा तितक्याच बारीक स्प्रिंगांवर टांगलेला असतो, हात हलला की तो सरकतो आणि त्यातून घड्याळाला झटका कळतो. एका तालात झटके आले की प्रोग्रॅम म्हणतो, हा माणूस चालतोय. मग एका तालात दुसरं काही केलं तर? आमच्या गल्लीत एक मावशी कडक भाकरीच्या ऑर्डरी घेतात, लेकानं त्यांना घड्याळ आणून दिलं. त्या पाटासमोर मांडी घालून बसलेल्या, ज्वारीच्या पिठाचा गोळा मळला, परातीत पीठ भुरभुरलं आणि दोन्ही हातांनी थापायला घेतलं, थप थप थप, गोल फिरवत फिरवत. भाकरी तव्यावर पडायच्या आत घड्याळात पावलं वाढलेली. मावशी म्हणाल्या, "बघ की रे, बसल्या जागी पंढरपूरला पोचते मी." उलट त्याच मावशी बाजारातून दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन येतात तेव्हा हात हलतच नाही, मग ती खरी चाल पूर्ण हिशोबात येत नाही. खडबडीत रस्त्यावरनं गाडी चालवली तरी काही घड्याळं पावलं धरतात, आणि आपल्या रस्त्यांवर तर काय, बोनसच म्हणायचा.

म्हणून पावलं बिनकामाची का? नाही. कालच्यापेक्षा आज जास्त चाललो का, एवढं कळायला तो आकडा पुरतो. फक्त दहा हजारांचं फार डोक्यात घेऊ नका. तो आकडा कुठल्या डॉक्टरनं ठरवलेला नाही, १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर १९६५ मध्ये जपानमध्ये 'मानपो-केई' नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, नावाचा अर्थच दहा हजार पावलांचं मीटर, तिथनं तो जगभर गेला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सोळा हजारांवर वयस्कर बायकांचा अभ्यास आला, त्यात रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि साधारण ७,५०० नंतर फायदा वाढायचा थांबला. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दहा हजारासाठी पिदवायची काही गरज नाही.

कॅलरीचा आकडा मात्र मी बघतच नाही. हार्ट रेट, वजन, वय, पावलं हे सगळं एकत्र घोळून काढलेला तो अंदाज असतो. २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठानं सात उपकरणं तपासली, त्यातल्या सहांचा हार्ट रेट पाच टक्क्यांच्या आत बरोबर होता, पण कॅलरीत सगळ्यात चांगलं उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्के चुकलं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्के. तेव्हा घड्याळ म्हणतंय ५०० जाळल्या म्हणून शेंगा चटणीवर जास्तीचं तेल ओतून घेणार असाल तर तुमची मर्जी.

ऑक्सिजनचं कोविडमध्ये सगळ्यांना पाठ झालंय. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमागची कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७० च्या दशकातली. लाल आणि इन्फ्रारेड असे दोन प्रकाश टाकायचे, ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन ते वेगवेगळं शोषतं, त्या फरकावरनं टक्केवारी काढायची. बोटात प्रकाश आरपार जातो. मनगटात हाडं मध्ये येतात म्हणून परत फिरलेल्या प्रकाशावर भागवावं लागतं, सिग्नल कच्चा मिळतो. त्यात कातडीच्या रंगाचाही परिणाम होतो. अमेरिकेत २०२० मध्ये हॉस्पिटलातल्या पेशंटचे आकडे तपासले तेव्हा दिसलं की बोटावरचं चांगलं मशीनसुद्धा काळ्या पेशंटांमधला कमी पडलेला ऑक्सिजन गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा चुकवत होतं. हॉस्पिटलच्या मशीनची ही गत, तर स्वस्त घड्याळाच्या भरवशावर दम्याचा पेशंट घरी ठेवून घेऊ नये.

बीपीचं तर जास्तच सांगायला पाहिजे, कारण लोक बीपीसाठीच घड्याळ घेतात, "बाबांना बीपी आहे, म्हणून घेतलं" हे वाक्य मी कितीतरी जणांकडनं ऐकलंय. बीपी म्हणजे दाब, आणि दाब मोजायला कुठंतरी दाबावं लागतं. डॉक्टर दंडाला पट्टा बांधून हवा भरतात, रक्त थांबवतात, मग हळूहळू सोडतात, ही पद्धत १८९६ पासूनची आहे. हिरव्या दिव्याला रक्त कमी-जास्त झालेलं दिसतं, त्यामागं दाब किती आहे ते दिसत नाही. नळाची धार बघून वरच्या टाकीत पाणी किती आहे ते सांगायचं, तसला प्रकार. धारेच्या आकारावरनं अंदाज बांधता येतो आणि काही कंपन्या तो प्रामाणिकपणे बांधतात, सॅमसंगचं घड्याळ तर आधी दंडाच्या पट्ट्याच्या मशीनशी जुळवून घ्यायला सांगतं आणि दर २८ दिवसांनी परत जुळवायला लावतं. म्हणजे पट्ट्याचं मशीन घरात लागणारच! मग दीड-दोन हजारांचं ते मशीनच आधी का नाही घ्यायचं? बाबांच्या बीपीसाठी घड्याळ घेत असाल तर माझं स्पष्ट मत, घेऊ नका, दंडाचं मशीन घ्या.

शुगरवाल्या घड्याळाकडं तर बघायचंसुद्धा नाही. सुई न टोचता शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा एफडीएनं, म्हणजे औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेनं, फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. चुकीच्या आकड्यावर कुणी इन्सुलिन जास्त घेतलं तर जिवावर बेतू शकतं.

आता जिथं घड्याळ खरंच कामाचं आहे ते. महागड्या घड्याळांत तिसरी गोष्ट असते, धातूचे इलेक्ट्रोड. एक मागं मनगटाला टेकलेला, दुसरा बाजूच्या बटणावर, त्यावर दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं, की दोन हातांमधनं हृदयाची वीज मोजली जाते. हा खरा ईसीजी आहे, फक्त एकाच लीडचा, म्हणजे हृदयाकडं एकाच बाजूनं बघणारा, हॉस्पिटलात बारा लीडचा काढतात. यातनं एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांचा ताल बिघडणं, पकडता येतं, आणि ते महत्त्वाचं आहे कारण त्यानं रक्ताच्या गाठी होऊन लकव्याचा धोका वाढतो. हार्ट अटॅक मात्र यात कळत नाही, अॅपल स्वतःच तसं लिहून देतं. छातीत कळ आली आणि घड्याळ ओके म्हणालं म्हणून कुणी घरी बसू नये.

२०१९ मध्ये छापून आलेल्या अॅपलच्या अभ्यासात ४ लाख १९ हजारांवर लोक होते, नुसत्या हिरव्या दिव्यावरनं "ताल बिघडलाय" असा इशारा आला २,१६१ जणांना, म्हणजे अर्ध्या टक्क्याला. पण वयाप्रमाणं बघा, पासष्टीच्या पुढं ३ टक्क्यांच्या वर आणि चाळिशीच्या आत हजारात दोघांनासुद्धा नाही. इशारा आलेल्यांपैकी ४५० जणांनी नंतर छातीला ईसीजी नोंदवणारा पॅच लावून तपासलं तर ३४ टक्क्यांत तो बिघाड सापडला. बाकीच्यांचा इशारा खोटाच होता असंही नाही, कारण हा बिघाड येतो आणि जातो. यातनं मला जे दिसतं ते असं की ही घड्याळं घेतात कॉलेजची पोरं आणि खरा उपयोग होईल तो त्यांच्या आजोबांना. आजोबांना मात्र ते रोज चार्ज करायचा कंटाळा.

झोपेचं थोडक्यात सांगतो. झोप खरी मोजतात डोक्याला तारा लावून, मेंदूची वीज बघून. घड्याळ हालचाल आणि ठोके बघून ठरवतं, त्यामुळं कधी झोपलात कधी उठलात हे जवळपास बरोबर येतं, पण नुसतं डोळे उघडे ठेवून पडून राहिलात तरी ते झोपच समजू शकतं. गाढ झोप एक तास बारा मिनिटं वगैरे जे येतं ते फार मनावर घ्यायचं नाही. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्यांना तर वेगळीच अडचण, दिवसाची झोप बरीच घड्याळं डुलकी म्हणून सोडून देतात.

वजन कमी होईल का, हा प्रश्न येतोच. अमेरिकेत ४७१ जणांवर दोन वर्षं प्रयोग झाला, २०१६ मध्ये निकाल आला, सगळ्यांना डाएट आणि व्यायाम सारखा, निम्म्यांना वर उपकरण. उपकरणवाल्यांचं वजन साडेतीन किलो उतरलं आणि बिनउपकरणवाल्यांचं ५.९. दुसऱ्या बाजूला २०२२ मध्ये बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तिच्यात असं निघालं की असली उपकरणं वापरणारे दिवसाला साधारण १,८०० पावलं जास्त चालतात, वजनात फरक मात्र किलोभराचाच. म्हणजे चालायला उठवणारं कुणीतरी हवं असेल तर घड्याळ ते काम करतं. घरात बायको आधीच करत असेल तर पैसे वाचले.

माझं विचाराल तर, नुसते कॉल-मेसेज मनगटावर बघायचेत, पावलं आणि निवांत असतानाचा हार्ट रेट हवाय, तर दोन-तीन हजारांचं साधं घ्या, वरची लांबलचक यादी विसरून जा. पळण्याचा नाद असेल तर आत जीपीएस आहे का बघा, नाहीतर फोन खिशात घेऊनच पळावं लागतं. साठीच्या पुढचं माणूस आहे, धडधड होते, डॉक्टरांनी सुचवलंय, तर ईसीजीवाल्यावर पैसे घालण्यात अर्थ आहे. मधल्या सात-आठ हजारांत जे फॅन्सी मिळतं, त्यात बऱ्याचदा स्क्रीनचेच पैसे असतात.

आणि आपला उन्हाळा धरा. अॅपलच्या नेहमीच्या घड्याळांना वापरायची मर्यादा ३५ अंशांपर्यंत दिलीय, आपल्याकडं मे महिन्यात ४२-४३ सहज जातं. लिथियमची बॅटरी उष्णतेनं लवकर म्हातारी होते, त्यामुळं गाडीच्या डिकीत ठेवणं, खिडकीतल्या उन्हात चार्जिंगला लावणं बंद. स्वस्त घड्याळांची बॅटरी सहसा कुणी बदलून देत नाही, ती गेली की घड्याळ गेलं.

दुकानात मात्र तीन गोष्टी करून बघा. ईसीजी लिहिलंय तर दुसऱ्या हाताचं बोट ठेवायला बाहेरनं धातू कुठाय ते विचारा. दुकानाचा जिना भराभर चढून या, गळ्याजवळची नाडी बोटांनी अर्धा मिनिट मोजा, दुप्पट करा, घड्याळाशी ताडून बघा. मग रुमालाची नाहीतर टॉवेलची घट्ट गुंडाळी करून तिला घड्याळ बांधा. हार्ट रेट आला तर एवढं बिचकू नका, चांगली घड्याळंसुद्धा परत आलेल्या प्रकाशाच्या गोंधळात ताल शोधता शोधता कधी फसतात. पण टॉवेलचं बीपी १२०-८० आलं तर दुकानदार काहीही म्हणू दे, डबा तिथंच ठेवायचा आणि निघायचं.