राजकीय मीम (महाराष्ट्र)

नेत्याचे एखादे वाक्य, छायाचित्र, फोनवरचे बोलणे किंवा हावभाव मूळ प्रसंगातून उचलून, त्याला नवा संदर्भ जोडून समाजमाध्यमांवर फिरवलेला विनोदी तुकडा म्हणजे राजकीय मीम. तो कोणी बनवला हे सहसा कळत नाही आणि कोणी विचारतही नाही. व्यंगचित्राखाली निदान सही तरी असते.

महाराष्ट्रातले सर्वांत दीर्घायुषी मीम ‘मी पुन्हा येईन’ हे होय. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीआधी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ते सभागृहात म्हटले तेव्हा त्यात निव्वळ आत्मविश्वास होता. २४ ऑक्टोबरच्या निकालात भाजपला १०५ जागा मिळाल्या, पण मुख्यमंत्रिपदावरून शिवसेनेशी फाटले. २३ नोव्हेंबरला भल्या सकाळी अजित पवारांसोबत शपथविधी झाला आणि २६ तारखेला राजीनामा. त्यानंतर अडीच वर्षे ही ओळ विरोधकांच्या टिंगलीची झाली. जुलै २०२२ मध्ये, सत्तांतरानंतर उपमुख्यमंत्री झालेल्या फडणवीसांनी या थट्टेला विधानसभेतच उत्तर दिले. ५ डिसेंबर २०२४ ला ते पुन्हा मुख्यमंत्री झाले, तेव्हा समर्थकांनी तीच ओळ विजयाची घोषणा म्हणून मिरवली. एक अक्षरही न बदलता तिचा अर्थ दोनदा उलटला.

जून २०२२ मध्ये शिवसेनेचे बंडखोर आमदार गुवाहाटीच्या हॉटेलात मुक्कामाला असताना सांगोल्याचे शहाजीबापू पाटील यांचे कार्यकर्त्याशी झालेले फोनवरचे संभाषण बाहेर पडले. ‘काय झाडी, काय डोंगार, काय हाटील’ हा माणदेशी ठसक्याचा उद्गार राज्यभर गाजला, त्यावर गाणीही निघाली. बंडाचा घटनात्मक पेच बाजूला पडून चर्चा हॉटेलाकडे वळली. हे आमदारांच्या पथ्यावरच पडले म्हणावे, तर त्याच संभाषणातले ‘ओके’ उचलून विरोधकांनी ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा दिली. खोके म्हणजे बोलीत एक कोटी रुपये. बंडासाठी पैसे घेतल्याचा हा आरोप बंडखोरांच्या, म्हणजे एकनाथ शिंदे यांच्या गटाने फेटाळला. पण यमकाला पुरावा लागत नाही. खुलासा करायला पत्रकार परिषद घ्यावी लागते, आरोपाला चार शब्द पुरतात. २०२३ मध्ये खोक्यांवर रॅप करणाऱ्या एका तरुणावर गुन्हाही दाखल झाला.

हशा आणि मत यांचे नाते मात्र सरळ नाही. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरे यांचे ‘लाव रे तो व्हिडिओ’ सर्वांच्या तोंडी होते. त्यांच्या पक्षाने एकही उमेदवार दिला नव्हता, आणि ज्यांच्याविरुद्ध ते बोलत होते त्या भाजप-शिवसेना युतीने राज्यातल्या ४८ पैकी ४१ जागा जिंकल्या. शहाजीबापू पाटील एका फोनमुळे राज्यभर ओळखीचे झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगोल्यातून शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) बाबासाहेब देशमुख निवडून आले.