चित्रपटांतर्गत जाहिरात

(प्रॉडक्ट प्लेसमेंट, चित्रव्यवसायात रूढ नाव 'इन-फिल्म ब्रँडिंग'). मोबदला घेऊन एखादे नाममुद्रित (ब्रँडचे नाव असलेले) उत्पादन चित्रपटाच्या दृश्यात, संवादात किंवा कथानकात गुंफण्याची पद्धती. मोबदला रोखच असतो असे नाही. चित्रीकरणासाठी फुकट दिलेली वाहने, उत्पादकाने स्वखर्चाने केलेली चित्रपटाची प्रसिद्धी, हेही मोबदल्याचेच प्रकार होत. मध्यंतरातील जाहिरात आणि श्रेयनामावलीतील 'सौजन्य' यांचा यात समावेश होत नाही.

उगम : उगमाविषयी मतभेद आहेत. जुने लेखन ही प्रथा ध्वनिपटांच्या काळातील मानते, तर लोकप्रिय लेखन थेट १९८२ सालच्या 'ई. टी.' या अमेरिकन चित्रपटापासून सुरुवात करते. चलच्चित्राचे आद्य प्रवर्तक असलेल्या फ्रान्समधील ल्यूमिएर बंधूंच्या कंपनीसाठी १८९६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये चित्रित झालेल्या एका लघुपटात बायका टबात कपडे धूत आहेत आणि त्यांच्यापुढे 'सनलाइट' साबणाच्या पेट्या नाव कॅमेऱ्याकडे करून मांडल्या आहेत. एका पेटीवर फ्रेंच, तर दुसरीवर जर्मन अक्षरे आहेत. म्हणजे दोन्ही भाषांचे स्विस ग्राहक डोळ्यांपुढे होते. चित्रीकरणामागील फ्रांस्वा-आंरी लाव्हांशी-क्लार्क हा ल्यूमिएर यंत्राचा (चित्रपट टिपून पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाचा) तेथील हक्कधारक होता आणि या साबणाचा वितरकही. विकणारा व दाखवणारा एकच असल्याने याला निव्वळ जाहिरातपट म्हणावे, असा आक्षेप घेता येतो. तथापि करमणुकीसाठी जमलेल्या प्रेक्षकाला विक्रीचा हेतू न सांगता माल दाखवणे हे लक्षण येथे पूर्ण दिसते. म्हणून १८९६ हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. 'ई. टी.'च्या वेळी मार्स या मिठाई-कंपनीने नकार दिल्यावर तिच्या प्रतिस्पर्धी हर्षी कंपनीने आपल्या 'रीसेस पीसेस' गोळ्यांसह चित्रपटाच्या प्रसिद्धीवर सुमारे १० लाख डॉलर खर्चण्याचे मान्य केले. त्यानंतरच्या विक्रीवाढीचे आकडे जपूनच घ्यावेत, कारण जाहिरातमोहीम त्याच वेळी चालू असल्याने एकट्या दृश्याचा वाटा वेगळा काढता येत नाही.

अबोध परिणाम (प्रेक्षकाला जाणीव न होता होणारा) : अमेरिकेतील न्यू जर्सीच्या चित्रपटगृहात क्षणार्धात चमकणाऱ्या संदेशांनी पॉपकॉर्नची विक्री वाढवल्याचा जेम्स व्हायकरी या बाजार-संशोधकाचा दावा (१९५७) त्यानेच १९६२ मध्ये मागे घेतला. तरीही तो अजून पुरावा म्हणून उद्धृत होतो. चित्रपटातील वस्तू तर डोळ्यांना स्पष्ट दिसते. लपलेला असतो तो हेतू. म्हणून 'अबोध' ऐवजी 'अप्रकट स्मृती' (पाहिल्याचे आठवत नसतानाही निवडीवर परिणाम करणारी स्मृती) ही संज्ञा येथे अधिक नेमकी आहे.

लॉ व ब्राउन या संशोधकांच्या प्रयोगात (२०००) केवळ दिसलेली, नाव न उच्चारलेली उत्पादने प्रेक्षकांना सर्वांत कमी आठवली, पण निवडीवर त्यांचाच प्रभाव सर्वाधिक पडला. ऑटी व लुईस यांनी (२००४) मुलांना 'होम अलोन' या चित्रपटातील पेप्सी सांडण्याचा प्रसंग दाखवून नंतर दोन पेये पुढे ठेवली. प्रसंग पाहिलेल्यांपैकी ६२ टक्क्यांनी, तर नाममुद्रेविना दृश्य पाहिलेल्यांपैकी ४२ टक्क्यांनी पेप्सी घेतली. चित्रपट आधी पाहिलेल्या मुलांवर परिणाम अधिक होता. एकदा पाहिलेले पुन्हा दिसले की ओढ वाढते. संशोधक रसेल यांच्या मते (२००२) कथेशी विसंगत मांडणी लक्षात राहते, पण मन वळवते ती सुसंगत मांडणी. त्यामुळे 'नाव आठवते का?' एवढेच विचारणारी पाहणी यशाचे चुकीचे माप देते.

चित्रीकरण : करारात दृश्याचे सेकंद, नाव पूर्ण दिसणे, कोणाच्या हाती वस्तू असावी आणि प्रतिस्पर्धी माल चौकटीत नसणे या अटी येतात. थंड बाटलीवरील दवबिंदू दिव्यांच्या उष्णतेत टिकत नाहीत, म्हणून पाण्यात ग्लिसरीन मिसळून फवारतात. चकाकत्या डब्यावर मंदक (चकाकी कमी करणारा) फवारा मारला नाही, तर दिव्याचे प्रतिबिंब अक्षरे खाऊन टाकते. आरशातील दृश्यात नाव उलटे दिसते. बाटली धरताना बोटे नावावर येणे ही नेहमीची चूक. ती संकलनाच्या टेबलावर लक्षात येते, तेव्हा पुनर्चित्रीकरण परवडत नाही. करार नसलेल्या मालाची नावे चिकटपट्टीने झाकतात.

भारत : 'बॉबी'तील (१९७३) राजदूत मोटारसायकल हे ठळक जुने उदाहरण, ती पुढे चित्रपटाच्याच नावाने ओळखली गेली. 'दबंग'मधील (२०१०) गीतात झंडू बामचे नाव आले तेव्हा इमामी कंपनीने आधी कायदेशीर नोटीस पाठवली, पण पुढे समेट होऊन गीतातील नर्तकीच उत्पादनाच्या जाहिरातीत आली. तंबाखूच्या नाममुद्रांना पडदा बंद आहे. २ ऑक्टोबर २०१२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार त्या दाखवता येत नाहीत, आणि आधीच चित्रित झाल्या असल्यास कापाव्या किंवा धूसर कराव्या लागतात.