एका सिलिंडरवर लंगडणारं इंजिन

साठ-सत्तर वर्षांचं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवायचं इंजिन, दहा वेळा दोरी ओढल्यावर कसंबसं सुरू होतं, निळसर धूर सोडतं आणि मग थरथरत, ठेचकाळत चालू लागतं. हळू करावं तर बंद पडतं, वाढवावं तर नुसता आवाज वाढतो, होडी काही पळत नाही. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी कार्ब्युरेटरकडे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडे जातो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! दुखणं कुठल्या सिलिंडरचं आहे ते कळायच्या आत त्यातल्या पेट्रोलचं प्रमाण ठरवणाऱ्या जेट आणि सुया फिरवल्या, तर जुन्या बिघाडात आपण केलेल्या बिघाडाची भर पडते.

ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये बाजारात आणलेलं आउटबोर्ड एकाच सिलिंडरचं, दीड हॉर्सपॉवरचं होतं. पुढे दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक, म्हणजे दांड्याच्या दर फेरीला पेटणारी, इंजिनं रुळली. १९५०च्या दशकातल्या अशा बऱ्याच इंजिनांत बॅटरी नसते. फ्लायव्हीलमधली, म्हणजे वरच्या जड चाकातली चुंबकंच वीज तयार करतात, आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पॉइंट (प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच), स्वतंत्र कंडेन्सर (पॉइंटांमधली ठिणगी आवरणारा), स्वतंत्र कॉइल (व्होल्टेज वाढवणारी) असते. कार्ब्युरेटर मात्र दोघांत एक. म्हणजे ही एका दांड्याला जुंपलेली दोन इंजिनंच समजा. पेट्रोलची तक्रार असेल तर सहसा दोन्ही सिलिंडर रडतात. एकच रडत असेल तर संशय आधी त्याच्या ठिणगीवर घ्यावा.

ते ओळखायचं कसं? इंजिन पाण्यात ठेवूनच चालू करावं, कारण कोरडं चालवलं तर पाण्याच्या पंपातला रबरी पंखा थोड्याच वेळात जळतो. मग एका प्लगची (सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणाऱ्या भागाची) वायर काढून तिचं अर्थिंग करायचं, म्हणजे ती इंजिनाच्या धातूला जोडायची. वायर नुसती लोंबकळत ठेवू नये. उच्च दाबाची वीज बाहेर पडायला वाट शोधते आणि कॉइलचं इन्सुलेशन फोडते. वायर काढल्यावर इंजिन गडबडलं, तर तो सिलिंडर कामाचा होता. काहीच फरक पडला नाही, तर चोर सापडला.

त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब, आधी गेजने मोजून घ्यावं. आकडा किती येतो यापेक्षा दोन्ही सिलिंडरांत किती फरक आहे ते बघायचं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर बरंच. एक फारच खाली असेल, तर पिस्टनच्या रिंगा किंवा हेड गॅस्केट (सिलिंडरच्या झाकणाखालची पट्टी) गेलेली असते. गॅस्केटमधून पाणी आत जात असेल, तर प्लग धुऊन काढल्यासारखा लख्ख दिसतो. ठिणगीच पडत नसेल, तर तो पेट्रोलने ओला मिळतो.

आता ठिणगी. इथे भलेभले फसतात. प्लग बाहेर काढून इंजिनाला टेकवला, दोरी ओढली, ठिणगी दिसली, झालं समाधान! पण उघड्या हवेतली ठिणगी आणि दाबाखालच्या मिश्रणातली ठिणगी यांत मोठा फरक आहे. अंतर तेवढंच ठेवून वायूचा दाब वाढवला, की ते ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं; फ्रीडरिख पाशेन यांनी १८८९ मध्ये याचा नियम मांडला. म्हणून परीक्षा कडक घ्यावी: ठिणगीला उघड्या हवेत साधारण सहा मिलिमीटर उडी मारायला लावावी. निळी, कडकडीत उडाली तर ठीक. पिवळट, मलूल ठिणगी सिलिंडरच्या आत हमखास दगा देते.

ठिणगी अशक्त का होते? पॉइंट उघडले की कॉइलच्या प्राथमिक वेढ्यातला प्रवाह एकदम तुटायला हवा. तो जितका झटकन तुटेल, तितकं चुंबकीय क्षेत्र झटकन कोसळतं आणि दुय्यम वेढ्यात हजारो व्होल्ट उठतात. कंडेन्सर खराब असेल तर पॉइंटांमध्येच ठिणगी उडत राहते, प्रवाह रेंगाळतो. वर्षानुवर्षं पडून असलेल्या इंजिनात पॉइंटांवर गंजाचा पातळ थर चढतो. तो साफ करून फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) लावावी, बऱ्याच इंजिनांत ती सुमारे अर्धा मिलिमीटर असते. आणि कॉइल? त्या काळच्या अनेक कॉइलांचं आवरण तडकतं. थंड असताना चालतात, तापल्या की बसतात. अशा कॉइलवर वेळ घालवू नये, सरळ बदलावी.

ठिणगी दोन्हीकडे खणखणीत असेल, तरच कार्ब्युरेटर उघडावा. जुन्या पेट्रोलचा चिकट थर बारीक छिद्रांत बसतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा शोषतं, आणि कार्ब्युरेटरमधल्या जुन्या कॉर्कच्या फ्लोटवरचा (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या तुकड्यावरचा) लाखेचा लेप सुटतो. मिश्रण कशाचं बिघडलंय ते इंजिन स्वतः सांगतं. मंद चालताना ते कार्ब्युरेटरमधून शिंकलं, तर पेट्रोल कमी पडतंय. मंद वेगाची सुई थोडी सोडावी. एकाआड एक फेरीला पेटल्यासारखं गडगडत असेल, तर पेट्रोल जास्त होतंय.

सुई कितीही सोडली तरी शिंका थांबत नसतील, तर कार्ब्युरेटर निर्दोष असू शकतो. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खालचा बंद कप्पा, क्रँककेस, पंपासारखा मिश्रण ओढतो आणि वर ढकलतो. दांड्याची सील झिजली, की तिथून फुकटची हवा आत येते आणि मिश्रण पातळ होतं. हे काम मात्र सुट्टीच्या दुपारचं नाही. त्यासाठी इंजिन बरंच खोलावं लागतं.