बाईचं नाव सातबाऱ्याच्या कोणत्या रकान्यात?

जुना, हाताने लिहिलेला सातबारा समोर घेतला की वरच्या बाजूला भोगवटादाराच्या जागी बहुधा थोरल्या भावाचं नाव दिसतं आणि पुढे बारीक अक्षरात 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. काही गावांत त्याऐवजी 'ए.कु.पु.' असतं, एकत्र कुटुंब पुढारी. बहिणी, आई, विधवा वहिनी यांची नावं शोधायची तर 'इतर हक्क' या रकान्यात जावं लागतं. सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा आणि रस्त्याचा वहिवाटीचा हक्क यांच्या शेजारी ती लिहिलेली असतात. त्याच घरात जन्मलेली मुलगी कागदावर मालक नव्हती, मालकाच्या जमिनीवरचा एक भार होती. हा रकाना कसा पडला आणि तिथून तिचं नाव वर यायला इतकी वर्षं का लागली, हे कळल्याशिवाय वारसहक्काचे आजचे वाद नीट समजत नाहीत.

महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी मिताक्षरा, म्हणजे हिंदू वारशाचे नियम सांगणारा जुना धर्मशास्त्रग्रंथ, चालत असे. मुंबई, गुजरात आणि उत्तर कोकणात नीलकंठ भट्टांच्या 'व्यवहारमयूखा'ला मान होता. मिताक्षरेत मुलगा जन्मतःच वडिलोपार्जित जमिनीचा सहदायाद, म्हणजे जन्माने वाटेकरी होई, मुलगी होत नसे. तिच्या वाट्याला पोषण, लग्नाचा खर्च आणि स्त्रीधन. तरीही मुंबई इलाख्याची शाखा इतरांहून थोडी उदार होती. मुलगा किंवा विधवा मागे नसली आणि वारसा मुलीकडे आला, तर तिला इथे पूर्ण मालकी मिळे. इतर प्रांतांत ती हयातीपुरतीच असे.

इंग्रजी कायद्यांनी एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं. 1856 च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने लग्नाला मान्यता दिली, पण त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क संपवला. वतनांबाबत तर मागे जाणं झालं. 1886 च्या मुंबई कायद्याने वतनदार घराण्यातल्या स्त्रियांना, शेवटच्या पुरुष वतनदाराची विधवा सोडून, सगळ्या पुरुष वारसांच्या मागे ढकललं. पाटील-कुलकर्णी घराण्यांतली 'जमीन पुरुषाकडेच राहते' ही समजूत अनादी रूढी म्हणून सांगितली जाते. तिच्यामागे हा छापील कायदाही होता, हे विसरलं जातं.

पहिला मोठा बदल 1937 चा. मुंबईचे शल्यविशारद आणि मध्यवर्ती कायदेमंडळाचे सदस्य डॉ. गो. वि. देशमुख यांच्या विधेयकातून हिंदू स्त्रियांचा मालमत्ता हक्क कायदा आला. लोक त्याला देशमुख कायदाच म्हणत. विधवेला मुलाइतका हिस्सा मिळाला, पण तो मर्यादित मालकीचा होता. ती जमीन कसू शकत होती, उत्पन्न खाऊ शकत होती. विकायची तर कायदेशीर गरज सिद्ध करावी लागे आणि ती वारल्यावर जमीन पुन्हा नवऱ्याच्या वारसांकडे जाई. मुलीला काहीच नव्हतं. शिवाय शेतजमीन हा प्रांतांचा विषय असल्याने हा कायदा तिला लागू होत नाही, असं फेडरल कोर्टाने 1941 मध्ये सांगितलं. प्रांतांनी आपापले कायदे करेपर्यंत, जिथे संपत्ती म्हणजे शेतच, अशा घरांतल्या विधवा बाहेरच राहिल्या.

हिंदू कोड बिलावरचा संघर्ष आणि डॉ. आंबेडकरांचा सप्टेंबर 1951 चा राजीनामा सगळ्यांना ठाऊक आहे. त्या मोठ्या विधेयकाचे तुकडे होऊन पुढे जे कायदे झाले, त्यांतला जमिनीशी थेट संबंध असलेला म्हणजे 17 जून 1956 चा हिंदू वारसा कायदा. त्याच्या कलम 14 ने विधवांची मर्यादित मालकी पूर्ण मालकी केली. हे फार मोठं काम होतं. मात्र कलम 6 ने मिताक्षरेचं सहदायादत्व तसंच ठेवलं आणि तिथे मुलगी मागे पडली.

किती मागे, ते 16 एकरांच्या उदाहरणावरून पाहू. वडील वारले, मागे पत्नी, दोन मुलं, एक मुलगी. जमीन वडिलोपार्जित. वडील जाण्याच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं कायदा गृहीत धरी: वडील, आई, दोन मुलं यांना चार-चार एकर. या कल्पित वाटणीत मुलगी नाहीच. मग वडिलांचे फक्त चार एकर चौघा वारसांत वाटायचे, म्हणजे प्रत्येकी एक. आईला पाच, प्रत्येक मुलाला पाच, मुलीला एक. या हिशेबातला आईचा दुहेरी वाटासुद्धा सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये मगदूम प्रकरणात स्पष्ट केला तेव्हा पक्का झाला. राहत्या घरात तर मुलीला वाटणी मागण्याचाच अधिकार नव्हता; अविवाहित, विधवा किंवा टाकलेली असेल तर राहायला जागा, एवढंच.

तो एक एकरही नावावर चढत नव्हता, कारण त्याच काळात जमिनीच्या नोंदी नव्याने होत होत्या. 1 एप्रिल 1957 च्या कृषिदिनाला कूळकायद्याने कुळं, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारे, मालक झाली. शेतात राबणाऱ्या बायका तेव्हाही होत्या, पण कूळ म्हणून नाव पुरुषाचं लागलेलं असल्याने मालकीही त्याच्याच नावावर चढली. पुढच्या पिढीत वारस लावताना तलाठ्यासमोर 'बहिणींची हरकत नाही' असा जबाब लिहून घेतला जाई, किंवा वंशावळीत मुलीच दाखवल्या जात नसत.

या साचलेल्या पाण्यात पहिला दगड शेतकरी चळवळीने टाकला. नोव्हेंबर 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं आणि राज्यभरातून बायका तिथे आल्या. त्यातूनच पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम उभा राहिला. नवऱ्याने आपल्या जमिनीतला वाटा हयातीतच बायकोच्या नावे करायचा, दान म्हणून नाही, तिच्या कष्टाचं देणं म्हणून. शंभर घरांनी हे केलं की ते लक्ष्मीमुक्ती गाव. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर त्यात पुढे होतं. या रेट्यामुळे महसूल खात्याने 1992 मध्ये परिपत्रक काढलं: नवऱ्याने अर्ज दिला तर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर घ्यावं. आजही 'लक्ष्मीमुक्तीचा अर्ज' या नावाने तो तलाठी कार्यालयात देता येतो. पण तो नवऱ्याच्या संमतीवर चालतो, आणि संमती मिळत नसेल त्या बाईला त्याचा काही उपयोग नाही.

22 जून 1994 ला महाराष्ट्राने वारसा कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून मुलीला जन्मतः सहदायाद केलं. आंध्र प्रदेश आणि तामिळनाडूने ते आधी केलं होतं. महाराष्ट्राच्या दुरुस्तीत एक दुखरी अट होती: त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या. मेमध्ये लग्न झालेली थोरली बाहेर आणि डिसेंबरमध्ये झालेली धाकटी आत, असे प्रकार एकाच घरात घडले. 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीने ही अट पुसली आणि राहत्या घराचं कलमही काढलं. नवा हिशेब असा: कल्पित वाटणीत आता पाच जण, प्रत्येकी 3.2 एकर. वडिलांचे 3.2 चौघांत वाटले की प्रत्येकी 0.8. आई, दोन्ही मुलं, मुलगी सगळ्यांना चार-चार एकर. एकाचे चार व्हायला 49 वर्षं लागली.

त्यानंतरही 2005 ला वडील हयात हवेत की नकोत, यावर न्यायालयांत उलटसुलट निकाल होत राहिले. 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न मिटवला: हक्क जन्माने आहे, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. दोन मर्यादा मात्र ध्यानात ठेवाव्यात. 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेली विक्री किंवा रीतसर वाटणी मोडता येत नाही. म्हणूनच अनेक घरांत अचानक 'जुनी तोंडी वाटणी' निघते. ठोस सरकारी कागदांचा आधार नसेल तर न्यायालयाने ती सहसा मानू नये, असं याच निकालात म्हटलं आहे. दुसरी मर्यादा अशी की वडील 17 जून 1956 पूर्वी वारले आणि मागे विधवा किंवा मुलगा होता, तर मुलीला त्यांच्या मिळकतीत हिस्सा मिळत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं.

आता प्रत्यक्ष नोंदीकडे येऊ, कारण खरी गळती तिथेच होते. खातेदार वारल्यावर तीन महिन्यांत वारसांनी कळवायचं असतं. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, वंशावळ आणि 8अ चा उतारा लागतो. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. तलाठी (2024 पासून ग्राम महसूल अधिकारी) गाव नमुना 6क या वारस रजिस्टरात नोंद घेतो. मंडळ अधिकारी चौकशी करतो, मग नमुना 6 मध्ये फेरफार, म्हणजे नावाच्या बदलाची नोंद, पडतो, सर्व संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीला 15 दिवस मिळतात. हरकत नसेल तर फेरफार प्रमाणित होऊन नाव सातबाऱ्यावर चढतं.

बिघडतं ते तीन ठिकाणी. एक, प्रतिज्ञापत्रातच बहिणीचं नाव नसतं. दोन, नोटीस तिच्या सासरी न जाता माहेरच्या पत्त्यावर जाते आणि भावाच्या सहीने 'मिळाली' होते. तीन, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, म्हणून नोंद अडते. विवाह नोंदणी दाखला किंवा 'दोन्ही नावांची व्यक्ती मीच' असं प्रतिज्ञापत्र आधीच जोडलं तर हे टळतं. चुकीचा फेरफार प्रमाणित झाला तर 60 दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं आणि उशिराला सबळ कारण असेल तर तो माफही होतो. मुळात फेरफाराने मालकी ठरत नाही. ती नोंद महसुलासाठी असते. नाव गाळलं गेलं म्हणून हिस्सा बुडत नाही. दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा लावता येतो आणि आपल्याला डावललंय हे कळल्यापासून त्याला 12 वर्षांची मुदत असते. 'तुकडेबंदी आहे, तुला देता येत नाही' हेही वारंवार ऐकवलं जातं. प्रमाणभूत, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा शेतजमिनीचा लहान तुकडा पाडता येत नाही, हे खरं. पण सामाईक खातेदार म्हणून नाव लागायला त्याचा काहीच अडसर नाही.

नाव चढल्यावर हक्कसोडपत्राची मागणी येते. महामार्गासाठी भूसंपादन लागलं, मोबदल्याच्या यादीत बहिणीचं नाव दिसलं, की ती हमखास येते. काही शे रुपयांच्या मुद्रांकावर, साडीचोळी देऊन, 'माहेर तुटायला नको' या एका वाक्यावर एकरांचा हक्क सुटतो. सही करणारीला कुणी फसवलेलंच असतं असं नाही. आजारपणात, नवऱ्याशी बिनसल्यावर जायला माहेर हे एकच ठिकाण असतं, आणि ती त्याची किंमत मोजते. पण सही करण्यापूर्वी दस्त अक्षरशः वाचावा. हक्कसोड सहहिस्सेदाराच्याच नावे होते आणि नोंदणीकृत असावी लागते. तलाठ्यासमोरचा जबाब किंवा नोटरीचा कागद म्हणजे हक्कसोड नव्हे. कोणाच्या लाभात सोडतोय, आईच्या की एका भावाच्या, हे स्पष्ट हवं. गट क्रमांक एकेक करून तपासावेत, कारण बोलताना एका गटाचं नाव असतं आणि दस्तात सगळे गट येतात. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टाच्या जमिनीतला हक्क सोडून घेतला असेल तर तो कागद निरर्थक आहे. तो हक्क अजून जन्मलेलाच नसतो. नोंदणी झालेला दस्त मात्र नंतर एकतर्फी मागे घेता येत नाही. फसवणूक झाली असेल तर ती कळल्यापासून तीन वर्षांत न्यायालयात जावं लागतं.

हा सगळा हिशेब हिंदू वारसा कायद्याचा. तो अनुसूचित जमातींना लागू नाही. आदिवासी बाईचं नाव कागदावर आणणारा मोठा आधार म्हणजे 2006 चा वनहक्क कायदा, ज्यात पती-पत्नी दोघांच्या नावे संयुक्त पट्टा मिळतो. मुसलमान स्त्रियांबाबत 1937 च्या शरियत कायद्यानेही शेतजमीन बाजूला ठेवली होती. गोव्यात गोष्टच निराळी. 1870 पासून लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे तिथे लग्नानंतरच्या सामाईक मिळकतीत पत्नीचा अर्धा वाटा असतो, मुलगा-मुलगी समान वारस असतात आणि पत्नीच्या संमतीवाचून नवरा जमीन विकू शकत नाही.

विदर्भ-मराठवाड्यात नवऱ्याने आत्महत्या केलेल्या बायकांना या नोंदींची गरज सर्वांत तातडीची. जमीन सासऱ्याच्या नावावर असते, नवऱ्याचं नाव कधी लागलेलंच नसतं आणि म्हणून पीककर्ज, पीकविमा दोन्ही अडतं. कायद्याने वडिलोपार्जित जमिनीत नवऱ्याचा जो हिस्सा होता तो तिचा, तिच्या मुलांचा आणि हयात असेल तर सासूचाही आहे. सासरा हयात असला तरी ती आपला वाटा मागू शकते.

एक कोपरा अजून तसाच आहे. बाई मृत्युपत्र न करता वारली आणि मागे नवरा किंवा मुलं नसली, तर कलम 15 प्रमाणे तिची स्वतः कमावलेली मिळकतही आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. आईवडिलांचा नंबर त्यानंतर. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरने हाकललेली, माहेरी राहून शिकून कमावती झालेली बाई होती. तिची सगळी बचत सासरच्या वारसांना द्यावी लागली. कलम बदलेपर्यंत यावर उपाय एकच: जिच्या नावावर सातबारा, खातं किंवा घर आहे, तिने मृत्युपत्र करून ठेवावं. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांसमोर तिची सही आणि तिच्यासमोर त्यांच्या सह्या, एवढं पुरतं.