गोव्यात मानसशास्त्र शिकवणं : ही नोकरी अशी कशी घडली

सहाय्यक प्राध्यापकाने आठवड्याला 16 तास शिकवायचं, सहयोगी प्राध्यापकाने आणि प्राध्यापकाने 14, असा यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, नियम आहे. तास संपवून वह्या उचलताना दाराशी कुणीतरी थांबलेलं दिसतं. ‘मिस, दोन मिनिटं आहेत?’ ती दोन मिनिटं कुठल्याच टाइमटेबलात नसतात. गोव्यातल्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवणाऱ्याचा दिवस असा का झाला, हे समजायचं तर बरंच मागे जावं लागतं.

1857 साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठं निघाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. अभ्यासक्रम ठरवणं, परीक्षा घेणं, पदवी देणं हे विद्यापीठाचं काम, शिकवायचं कॉलेजांनी. 1904 च्या कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवायची आणि संशोधनाची वाट मोकळी झाली, पण संलग्न कॉलेजं होती तिथेच राहिली. शिकवणारा एकीकडे आणि संशोधन करणारा दुसरीकडे, ही वाटणी तेव्हापासूनची.

गोवा तेव्हा या सगळ्याच्या बाहेर होता. पणजीत 1842 पासून वैद्यकीय शाळा होती, 1854 पासून लिसेव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळा, होतं. पण कला किंवा विज्ञानाची पदवी हवी असेल तर मुंबई, पुणे, नाही तर थेट पोर्तुगाल गाठावं लागे. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि पुढच्याच जूनमध्ये पणजीत धेंपे, मडगावात चौगुले अशी दोन कॉलेजं उभी राहिली, दोन्ही मुंबई विद्यापीठाला जोडलेली. म्हणजे 1857 चा साचा आमच्याकडे शंभरावर वर्षांनी तयारच आला. 1965 मध्ये मुंबई विद्यापीठाने पणजीत पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनाचं केंद्र काढलं, 1985 मध्ये गोवा विद्यापीठ सुरू झालं, ताळगावच्या पठारावर इमारती उठल्या. कॉलेजातल्या शिक्षकाच्या वाट्याला मात्र आधीसारखाच बी.ए.चा वर्ग राहिला.

मानसशास्त्राबरोबर एक गोष्ट जास्तीची आली : प्रयोगशाळा. जर्मन मानसशास्त्रज्ञ वुंटने 1879 मध्ये लाइपझिगला सुरू केलेली प्रयोगशाळेची परंपरा विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कलकत्ता विद्यापीठात पोचली आणि तिथून देशभरच्या अभ्यासक्रमांत प्रॅक्टिकल म्हणून शिरली. आमच्या कपाटात आरशातल्या रेखाटनाचं साधन आहे. पत्र्याच्या पडद्याआड हात, समोर आरसा, आरशात दिसणारी दुहेरी रेषांची चांदणी. त्या दोन रेषांमधून पेन्सिल न्यायची. सरळ बाजू निभते, पण कोपरा आला की पेन्सिल भलतीकडेच पळते. जोडीदार स्टॉपवॉच धरून चुका मोजत असतो. पाचव्या-सहाव्या फेरीला हात वळायला लागतो आणि मुलीच्या चेहऱ्यावर जे येतं, ते पाहण्यासाठी मी हे प्रॅक्टिकल दरवर्षी घेते. शिकणं म्हणजे काय, हे त्या दिवशी तिला पुस्तकाशिवाय कळतं.

आणि गोव्याला मानसशास्त्र इतकं परकंही नाही. कांदोळीत 1756 मध्ये जन्मलेला पाद्री आबे फारिया फ्रान्समध्ये मार्सेयला तत्त्वज्ञान शिकवत होता, आणि 1813 पासून पॅरिसमध्ये पैसे घेऊन संमोहनाचे जाहीर वर्ग चालवत होता. संमोहनात कुठलाही चुंबकी द्रव वाहत नाही, जे घडतं ते समोरच्याच्या स्वतःच्या मनात घडतं, हे त्याने, असा द्रव असतो असं मानणाऱ्या मेस्मरच्या अनुयायांच्या काळात सांगितलं. 1819 मध्ये त्याचं पुस्तक निघालं आणि त्याच वर्षी तो गेला. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारचा त्याचा पुतळा, हात पसरलेला आणि समोर कलंडलेली बाई, लहानपणी मला भीतीचा वाटायचा. आल्तिनोवरच्या मनोरुग्णालयाला त्याचंच नाव होतं. ते आता बांबोळीला आहे. पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला मी त्याच्यापासून सुरुवात करते.

भाषेचा प्रश्न मात्र नोकरीला लागल्यापासून सुटलेला नाही. पाठ्यपुस्तक इंग्रजीत, घरी कोंकणी किंवा मराठी. डिचोलीची मुलगी एंग्झायटीची व्याख्या धडाधड म्हणते. ‘हे कधी तुला झालंय का?’ विचारलं तर नाही म्हणते. ‘जिवाची उलघाल?’ म्हटलं की गप्प होते, आणि मग आजीने दृष्ट काढल्याचं सांगते. अशा वेळी वर्गात कुणी हसू नये, एवढं मी कसोशीने पाहते. त्या दृष्ट काढण्यात कुणीतरी जवळ बसलं, डोक्यावरून हात फिरवला, हेही मानसशास्त्रच आहे. पण मी तिची शिक्षिका आहे. उद्या तिचे गुण मीच देणार, म्हणून तिची समुपदेशक मी होऊ नये. ऐकून घ्यायचं आणि योग्य ठिकाणी पोचवायचं, ही रेघ पाळणं मला शिकवण्यापेक्षा अवघड जातं.

यातलं कागदावर काय उतरतं? यूजीसीच्या 2018 च्या नियमांत शिकवण्याचं मोजमाप टक्क्यांत आहे : ठरलेल्या तासांपैकी 80 टक्के किंवा जास्त घेतले तर ‘चांगले’, 70 च्या खाली गेले तर ‘असमाधानकारक’. त्या तासांत काय झालं, याला रकाना नाही. मला हे मनापासून चुकीचं वाटतं. लेक्चर बेसिसवरच्या तरुण सहकाऱ्यांचे तर मिळणारे पैसेच तासांवर, आणि दाराशी थांबणारी मुलं त्यांच्याकडेही तितकीच.

2023-24 पासून गोव्यात नव्या शैक्षणिक धोरणाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आला. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के मिळवणाऱ्या मुलांना चौथ्या वर्षी संशोधन घेता येतं. ज्या कॉलेजांना इतकी वर्षं संशोधनापासून लांब ठेवलं, तिथेच आता प्रबंधाला मार्गदर्शन करायचं आहे, त्याच 16 तासांसोबत. विषयांची मला चिंता नाही. दाराशी ऐकलेले प्रश्न मी नावं न लिहिता एका वहीत टिपून ठेवत आले आहे. त्यातला एक सासष्टीतल्या तारवट्याच्या, म्हणजे खलाशाच्या, मुलाचा : बाबा जहाजावर असताना त्यांची रोज आठवण येते, मग ते घरी आले की आठवड्याभरात आमचं भांडण का होतं?